डावीकडचा रकाना

दोन्ही गाड्या एकाच दिवशी बोलवायच्या, हा गायत्रीचा आग्रह. रस्ता तोच, चालवणारा तोच, बसणारी माणसं तीच. एक गाडी या महिन्यात आणि दुसरी पुढच्या महिन्यात बघितली तर ती तुलनाच नव्हे, असं तिने सांगितलं, आणि रंगरावकाकांना ते चटकन पटलं. पापनाशमच्या भातगिरणीत चाळीस वर्षं त्यांनी भाताचा ओलावा दाण्याला दात लावून नव्हे, यंत्राने मोजला होता. मोजून सांगितलेली गोष्ट ते मानत. नुसती सांगितलेली मानत नसत.

म्हणून तर गायत्रीला सकाळपासून चैन पडत नव्हतं. ती तंजावरच्या महिलांच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती, आणि या घरात काकांनी ऐकावं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे ती. काकांचा मुलगा विश्वेश टोरांटोहून दर रविवारी फोनवर म्हणायचा, "अप्पा माझं ऐकत नाहीत गे. तूच बघ." गाडी तोच घेऊन देणार होता. कुठली, ते गायत्रीने ठरवायचं होतं.

तिने एक तक्ता छापून आणला होता. डावीकडच्या रकान्यात जर्मन गाडी. शंभर वर्षं इंजिनं बनवून झाल्यावर त्या कंपनीने आता बिनइंजिनाची गाडी काढली होती. उजवीकडच्या रकान्यात नवी गाडी. तिच्या कंपनीने जन्मात इंजिन बनवलेलं नव्हतं. दोन्ही उंच, दोन्ही विजेवरच्या, दोन्हींची किंमत ऐकून कमलाक्षीकाकी आठवडाभर कुणाशी धड बोलली नव्हती. खाली ओळी: एसी लावून एका चार्जमध्ये किती जाते, कालव्याकाठच्या रस्त्यावर मागच्या सीटला किती धक्के बसतात, काकीच्या गुडघ्यांना पायरी किती उंच पडते, दुरुस्तीचं वर्कशॉप किती लांब.

शेवटची ओळ तिने कालच वाढवली होती. 'इशारे.' म्हणजे गाडी आपणहून किती वेळा वाजली, थरथरली, थांबली. सेन्सर चांगले आहेत का ते कळेल, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं कारण दारात उभं होतं. काकांच्या जुन्या गाडीचा डावा आरसा जानेवारीपासून तीनदा बदलला होता, आणि डाव्या बाजूला पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत ओरखडे होते. उजवी बाजू स्वच्छ. जानेवारीत काका तीन दिवस त्रिचीच्या दवाखान्यात होते. "चक्कर आली होती," एवढंच काकीने सांगितलं होतं. ओरखड्यांबद्दल विचारलं की ती म्हणायची, "राजवाड्यामागचे बोळ अरुंद. त्याला कोण काय करणार?"

बोळ मात्र दोन्ही बाजूंनी अरुंद होते.

सकाळी नऊला जर्मन गाडी आली. काका स्टिअरिंगवर, शेजारी कंपनीचा माणूस, मागे काकी आणि गायत्री. तिरुवैयारूपर्यंत जायचं आणि परत यायचं.

"चालू झाली काय?" काकीने विचारलं.

"कधीच झाली, काकी."

"मग बोलत का नाही?"

"तुझ्यासारखी नाही ती," काका पुढून म्हणाले आणि खूश होऊन हसले.

वेण्णारूचा पूल, वेट्टारूचा पूल. कालव्यांना पाणी आलं होतं, काठाकाठाने रोपं उपटण्याची घाई चालली होती. गाडी खड्ड्यांवरून अशी जात होती की काकीच्या मांडीवरचा पाण्याचा तांब्या हलत नव्हता. हा रस्ता गायत्रीला पाठ होता. एकोणिसाव्या वर्षी याच रस्त्यावर काकांनी तिला गाडी शिकवली होती. तिचे वडील म्हणाले होते, मुलीला कशाला. काका म्हणाले होते, क्लच काय बघतो काय, मुलगा की मुलगी?

स्टिअरिंग थरथरलं. गायत्रीने पेन्सिलीने रेघ ओढली. थोड्या वेळाने पुन्हा थरथरलं.

"हट्टी आहे," काका म्हणाले. "मला उजवीकडे ढकलती."

घरी येईपर्यंत सहा रेघा झाल्या. तिने समोर लिहिलं: सेन्सर जास्त हळवे असावेत. लिहिलं आणि तिला ते आवडलं नाही. खोडरबर काढलं, परत ठेवलं. सहाच्या सहा वेळा गाडी डावीकडे सरकली होती.

दुपारी जेवायला केळीची पानं मांडली. गायत्रीला भूक नव्हती, ती नुसती भात कालवत बसली. काकांनी भात खाल्ला, भाजी खाल्ली, सांबार दोनदा घेतलं. पानाची डावी बाजू मात्र वाढली तशीच होती. मीठ, लोणचं, चटणी, कोशिंबीर, कशालाही बोट लागलेलं नव्हतं. लोणच्यावाचून ज्यांचा घास उतरत नसे, त्या काकांच्या पानात लोणच्याची फोड कोरडी पडत चालली होती.

मग काकी उठली. ताक वाढायला वाकली आणि एका हाताने तिने काकांचं पान हळूच फिरवलं. पानाचं टोक उजवीकडे गेलं.

गायत्रीचा हात थांबला. पानाचं टोक डावीकडेच हवं, यावरून या बाईने एकदा लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला रडवलं होतं.

"अरे, लोणचं आहे की," काका म्हणाले, आणि ते खाऊ लागले.

काकीने गायत्रीकडे बघितलं नाही. तिची सफाई अशी होती की पान ती आज पहिल्यांदा फिरवत नव्हती, हे उघड होतं.

आता गायत्रीला कळलं होतं. कळलं होतं तर तिने तिथेच बोलायला हवं होतं, दुपारचा फेरा रद्द करायला हवा होता. पण तिने दुसऱ्या गाडीवाल्यांना फोन केला नाही. अजून निम्माच प्रयोग झाला आहे, असं ती मनात म्हणत राहिली.

तीनला नवी गाडी आली. तिच्याबरोबर प्रवीणकुमार नावाचा विक्रेता, पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, भुवयांमध्ये विभूतीची बारीक रेघ. तमिळमध्ये अदबीने बोलत त्याने फॉर्म पुढे केला, काकांनी खुणा केल्या, सही केली.

"दाराला कडीच नाही गे!" काकी दारावर हात फिरवत म्हणाली. प्रवीणकुमार जवळ गेला, तशी कडी आपोआप बाहेर आली. "हं. माणूस बघून दार उघडती."

आत समोर भला मोठा पडदा. त्यावर रस्ता, आजूबाजूची वाहनं, माणसं, सगळी राखाडी चित्रं होऊन सरकत होती. जोर जर्मन गाडीपेक्षा जास्त, धक्केही जास्त. एसीसाठीसुद्धा पडद्यावर बोट लावायचं. गायत्री लिहीत होती. इशाऱ्यांच्या रेघा ओढत होती. ही गाडी थरथरत नव्हती, सरळ वाजत होती. सात. आठ.

"हा मनुष्य काही सूट देईल काय?" काकीने मराठीत विचारलं.

"शर्ट बघ त्याचा. देणार नाही," काकाही मराठीतच म्हणाले.

घराण्याची ही जुनी सवय. साडीच्या दुकानात, बसमध्ये, बँकेत, चारचौघांत काही आपसांत ठरवायचं असलं की ते आपल्या भाषेत ठरवायचं. समोरचा तमिळ माणूस उभाच असायचा, आणि मध्ये जणू पडदा ओढलेला असायचा.

तिरुवैयारूच्या अलीकडे डावीकडून मोपेडवर एक बाई आली. मागे केळीच्या पानांचा भारा. पडद्यावर ती आधी दिसली, छोटी राखाडी आकृती. मग काचेतून दिसली. काका सरळ जात होते. मान सरळ, नजर रस्त्यावर, अगदी निवांत. गायत्रीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत गाडीनेच ब्रेक मारला.

पट्टे आवळले. तांब्यातलं पाणी काकीच्या लुगड्यावर सांडलं. मोपेड डाव्या चाकापासून हातभर अंतरावर आडवी थांबली होती, आणि ती बाई तमिळमध्ये काकांच्या सात पिढ्यांची चौकशी करत होती.

"कुठून आली ही?" काका म्हणाले. "नव्हती ती. आत्ता नव्हती."

बाई भारा सावरून निघून गेली. मग काकीचा बांध फुटला, मराठीत, भरभर.

"होती. दिसली नाही तुम्हांला. जानेवारीपासून डावीकडचं दिसत नाही यांना, गायत्री. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती, चक्कर नव्हती ती. डॉक्टर म्हणाला, गाडीला हात लावायचा नाही. हे म्हणाले, कोणाला सांगशील तर बघ. किती दिवस मी अशी बसून देवाचं नाव घेऊ?"

"गप," काका म्हणाले. "परका मनुष्य बसलाय."

"त्याला काय कळतंय आपलं!"

प्रवीणकुमार समोर बघत होता. त्याने पट्टा सोडला, दोनदा घसा साफ केला.

"काका," तो म्हणाला. मराठीत. त्यांच्याच, तंजावरच्या मराठीत, जरा अडखळत. "तुम्ही हिकडं बसा. गाडी मी घेतों."

काकीने तोंडावर पदर धरला.

"माझी अज्जी पश्चिम वीथीतली, आपल्यातलीच," तो म्हणाला. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. "तिच्याशी हेच बोलतों. मी आधी सांगाय हवं होतं. पण लोक बोलायला लागले की कसं सांगायचं, कळत नाही. ती सूट... ती मी विचारून बघतों."

मग तो तमिळवर आला, कारण पुढचं त्याला मराठीत जमेना. फॉर्मवर प्रश्न होता, डॉक्टरची मनाई आहे का. सारांनी, म्हणजे काकांनी, 'नाही'वर खूण केली होती. तो काही लिहून पाठवणार नव्हता. पण किल्ली तो आता परत देणार नव्हता, मग गाडी विकली जावो न जावो.

काका उतरले. दाराला धरून गाडीच्या पुढून वळसा घालून आले आणि डाव्या सीटवर बसले. परतीच्या वाटेवर गाडी एकदाही वाजली नाही. ती शांतता गायत्रीला सोसवेना. सकाळी तिने लिहिलेलं मांडीवर होतं: सेन्सर जास्त हळवे असावेत. वर्गात कोणी असं लिहिलं असतं तर तिने लाल शाईने विचारलं असतं, दोन वेगळी यंत्रं एकच गोष्ट सांगत असतील तर चूक यंत्रात कशी शोधता? आणि ही चूक तिने न कळून केली नव्हती. दुपारी पानाचं टोक फिरलं तेव्हाच तिला कळलं होतं. मोपेडवरच्या बाईला ती काय सांगणार होती, अजून निम्मा प्रयोग बाकी होता म्हणून?

प्रवीणकुमार त्यांना सोडून गेला. काका जेवणाच्या टेबलाशी बसले. त्यांनी हात पुढे केला.

"दाखव."

गायत्रीने तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बोट ओळींवरून वरून खाली नेलं, शेवटपर्यंत नेलं.

"एकाच गाडीचं लिहिलंस. जर्मन कुठाय?"

स्वयंपाकघरात काकीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. गायत्रीने बोट ठेवून दाखवलं असतं तर एका क्षणाचं काम होतं. पण तिने हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरले.

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग कागदाकडे. मग कागदाच्या कडेला दोन बोटं लावून तो हळूहळू उजवीकडे सरकवला. आणखी थोडा. आणि एका जागी त्यांची बोटं थबकली.

रकाना आला होता.

त्यांनी कागद परत डावीकडे नेला. थांबले. पुन्हा उजवीकडे आणला. गिरणीत ओलाव्याचा आकडा पटला नाही तर ते असंच दुसरं मूठभर भात घेऊन पुन्हा मोजत. तिसऱ्यांदाही त्यांनी करून बघितलं.

"सहा," ते शेवटी म्हणाले. "आणि नऊ."

"हो, काका."

"अस्के डावीकडचे?"

"अस्के. सगळेच."

काकी कॉफी घेऊन आली आणि तिने वाटी-पेल्याचा डबरा-टंबलर त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. काका त्याच्याकडे बघत राहिले.

"जानेवारीपासून हिकडंच ठेवतीस, नव्हे?"

काकी पदराने टेबल पुसू लागली. टेबलावर काही सांडलेलं नव्हतं.

"कुठली घ्यायची मग?" काकांनी विचारलं. आवाज कोरडा होता. "बघितलंस ना एवढं."

"काकीच्या गुडघ्यांना जर्मन बरी. धक्केही कमी," गायत्री म्हणाली. "नवी लांब जाते. ब्रेक..."

"ब्रेक नवीचा चांगला," काकांनी तिचं वाक्य पुरं केलं. "पण चालवणाऱ्यानं ठरवायचं असतं. मला काय सांगतीस."

त्यांनी खिशातून जुन्या गाडीची किल्ली काढली. झिजून गुळगुळीत झालेली जुनी चामडी पट्टी तिला अजून होती. किल्ली त्यांनी गायत्रीसमोर ठेवली नाही. मुठीत धरून बसले, अंगठ्याने पट्टी चोळत. गायत्रीने हात पुढे केला नाही. कॉफीवर साय धरली.

"उद्या सातला पापनाशमला, गिरणीत जायचं," ते म्हणाले. "तुझं कॉलेज किती वाजता?"

"दहाला."

"मग पावणे सात." आणि त्यांनी मूठ उघडली.