पिशवीचं तोंड

सुनेनं ताट पुढे ढकललं. मऊ भात, उकडलेला बटाटा. मिरचीचा मागमूस नाही.

"आई, मी काय आजारी आहे? रोज हे असलंच."

"खा मुकाट्यानं, कंडक्टरबाई. दिवसभर बसमध्ये कोकलतेस. तोंडाला जरा आराम."

सासू लाडात आली की 'कंडक्टरबाई' म्हणायची, चिडली तरी तेच. कुठलं कोणतं ते भांड्यांच्या आवाजावरून ओळखायचं. आज भांडी गप्प होती.

"माझ्या तोंडाला काय धाड भरलीय?"

सासूनं ओट्याकडे वळून पालथ्या हातानं नाक पुसलं.

"दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला होता. तूच बोलतेयस असं त्यांना वाटलं, मी वाटू दिलं. म्हणाल्या, मागच्या तपासणीत तोंडाच्या पेशी बदललेल्या दिसल्यात, दुर्बिणीतून बघून तुकडा काढायचाय. बोलावूनही तुम्ही येत नाही, म्हणाल्या. तिखट झोंबेल म्हणून मी आपलं..."

सुनेला हसू फुटलं. ठसका लागेपर्यंत हसली, आणि मग डोळे पुसत राहिली.

"हे तोंड नाही हो, आई. पिशवीचं तोंड. खालचं."

सासूचा डाव पातेल्यातच राहिला.

"कॅन्सर?"

"तसं म्हणाल्या नाहीत. पेशी कुठवर बिघडल्यात ते बघायचं. वेळेत गेलं तर तेवढाच भाग काढतात."

"मग का गेली नाहीस?"

"काय झालं म्हणून कुणी विचारलं, तर कुठल्या तोंडानं सांगू?"

परक्या पुरुषांना दिवसभर 'पुढे चला' म्हणून दटावणारी बाई स्वतः दारात अडकली होती. ज्या जागेतून सगळं जग बाहेर आलं, तिचं नाव घ्यायला त्याच जगाला लाज वाटते. 'खाली' म्हणायचं आणि मान वळवायची.

सासूनं मिरचीपुडीची बरणी तिच्यापुढे आदळली. समोर बसली. बराच वेळ बरणीचं झाकण फिरवत राहिली.

"माझी पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली," ती म्हणाली. "हल्ली परत डाग दिसतात. म्हटलं, या वयात कशाला तोंड उघडायचं."

सुनेनं बरणी तिच्या हातातून काढून बाजूला ठेवली.

सकाळी दोघी बसमध्ये शेजारी बसल्या. ड्यूटीवरचा कंडक्टर सुनेच्या ओळखीचा.

"आज सुट्टी? सासूबाईंसोबत कुठे स्वारी?"

"दवाखान्यात."

"का हो, काय झालं?"

सुनेनं खिडकीकडे पाहिलं. मग सासूकडे. आणि रोजच्या, मागच्या दारापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली,

"पिशवीच्या तोंडाची तपासणी. दोघींची."

कंडक्टर तिकिटं देत भराभर पुढे सरकला.

"हळू की गं," सासू पुटपुटली. सुनेच्या मनगटावरची तिची पकड मात्र घट्टच होती.

पुढच्या थांब्यावर माणसं उतरली. पलीकडे दांड्याला धरून उभी असलेली एक बाई दोन पावलं जवळ आली. खाली वाकून अगदी हळू म्हणाली,

"कुठला दवाखाना हो?"

सासूनं सरकून जागा केली.