सतराच्या कवचाचा चिंचोका

मी चिंचोका बोलतोय. हसा, हसा. पण माझ्याएवढं टणक अंग तुमच्यात कुणाचं असेल, तर त्यानं पुढे यावं.

माझा जन्म आरे कॉलनीतल्या एका जुन्या झाडावर झाला. तिथून भाजीवालीच्या टोपलीत बसून मी मुलुंडला विमलाआजींच्या स्वयंपाकघरात आलो. आजी मालवणकडच्या. माशाच्या आमटीत चिंच घालणं म्हणजे त्यांना खाली मान घालण्यासारखं. पण त्या दिवशी आमसुलं संपली होती. "कोणाक सांगू नको गे," असं नातीला, जान्हवीला, दटावून त्यांनी कोळ काढला. कोळ आमटीत गेला, मी आजींच्या मुठीत राहिलो. चिंचोका फेकणं त्यांच्या जिवावर येतं. लहानपणी गावात त्या शकु नावाच्या मैत्रिणीबरोबर चिंचोक्यांनी खेळायच्या, आणि शकु कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

डब्यात पडून पडून मी कंटाळलो होतो. एका रविवारी झाकण उघडलं आणि माझं नशीबही.

जान्हवीकडे दर रविवारी एक खेळ चालतो. ती गोष्ट सांगते, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुठं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. खेळायला मिथुन आणि श्रेयस यायचे. श्रेयस कामासाठी पुण्याला गेला, जागा रिकामी पडली. "आजी, तू बस ना," मिथुन म्हणाला. आजी पदराला हात पुसत बसल्या त्या बसल्याच. त्यांनी पात्र म्हणून कासवीण घेतली, तिचं नाव ठेवलं शकु. आणि खेळाच्या पाटावर शकुची सोंगटी कोण? मी!

कासविणीला जन्माचंच कवच. त्याचा आकडा सतरा. म्हणजे कुणी तिला मारायला आलं, तर त्याच्या फाशाला सतरा तरी पडायलाच हवेत, नाहीतर वार फुकट. किती भाले माझ्या पाठीवरून घसरले म्हणून सांगू! मी फुगलो होतो हो.

या खेळात एक रीत आहे. गोष्टीत जो मरतो, त्याची सोंगटी खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंडीत पुरतात. मिथुनचा आधीचा योद्धा तिथंच आहे, सोड्याच्या बाटलीचं बूच. त्या कुंडीकडे बघायलाही मला नको वाटायचं.

मग एका रविवारी सकाळी कळलं, पुढच्या रविवारी श्रेयस परत येतोय. ते ऐकून आजी पोहे परतता परतता पुटपुटल्या, "शकु आसा तोपर्यंत माका कोण उठवता?" म्हणजे शकु मेली की आजींची जागा गेली. माझीही.

आणि नेमकं त्याच दिवशी जान्हवीनं आम्हाला खाजकुइलीच्या रानात घातलं. मिथुनच्या शिपायाला विष चढलेलं. तो म्हणजे शर्टाचं बटण, पाटावर उताणं पडलेलं. औषधाचा पाला रानापलीकडे. शकुच्या जिवांपैकी एकच उरलेला.

"कुइलीतून गेलीस तर एक जीव जाणार," जान्हवी म्हणाली.

"ए, असं कसं?" मिथुन उसळला. "सतराचं कवच आहे तिचं!"

"सतरा कुणी मारायला आलं तर. कुइली मारायला येत नाही रे. ती नुसती असते."

"म्हणजे भाल्यानं मरत नाही आणि खाजेनं मरते? काय यार!"

आजींनी चष्मा सारखा केला. "जान्हवी, कासवाच्या पाठीक खाज येता?"

"पाठीला नाही. मानेला येते."

"मगे मान भितर घेतलंय. हात-पाय पण."

जान्हवी हसली. "बरं. कवचाला कुइली लागणार नाही, दिलं तुला. पण मान आत म्हणजे दिसणार नाही. घसरत जायचं, फासा टाकायचा. कमी पडले तर वाट चुकणार."

जाताना चौदा पडले. पाला मिळाला. मिथुननं शिट्टी मारली. येताना आजींनी फासा कपाळाला लावून टाकला. तो पाटाच्या कडेपर्यंत गेला, थांबला. दोन.

"वाट लागली," मिथुन म्हणाला.

जान्हवीचा चेहरा पडला. "शकु गरम पाण्याच्या कुंडात पडली. उकळतं आहे." मग हळूच, "पण आजी, कवच जाड आहे ना तुझं? चालेल, वाचली म्हणू या."

"हो, हो, वाचली!" मिथुननं मला उचलायला हात पुढे केला.

मी मनात म्हटलं, म्हणा आजी, वाचली म्हणा!

आजींनी त्याचा हात धरला. "जन्मभर कुर्ल्यो-खेकडे शिजवलंय मी. कवचान एक तरी वाचली? पाणी फटीतसून शिरता. जी खोटा बोलान वाचात ती शकु नाय." मग त्यांनी स्वतःचा हात वर केला, मूठ मिटलेली, पाला धरल्यासारखी. "पण हात वर आसा माझो. पालो सुको आसा. घे रे झिला."

मिथुननं ती रिकामी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि बटण उभं केलं. जान्हवीनं नाक ओढलं.

पुरायच्या आधी आजींनी मला वाटीभर कढत पाण्यात टाकलं. "शकुक जा भोगूचा लागला, ता तुकाय." मी रात्रभर त्यात पडून! सकाळी कुंडीत, बुचाच्या शेजारी, जरा खोल.

पुढच्या रविवारी श्रेयस आला. आजी स्वयंपाकघरातून बाहेर येईनात. कुंडीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"आजी, आत काय करतेस? ये ना," मिथुननं हाक मारली.

"माझी शकु मेली रे. बसूंदे श्रेयसाक."

"श्रेयस चटईवर बसेल, सरक रे. माझा शिपाई कुणामुळे उभा आहे? दुसरी कोण घेतेस सांग."

मग आजी पाटाजवळ येऊन बसल्याचा आवाज. "उंदीर मिळात काय? कवच नको आता. पळाक येऊक व्हया."

मी अजून इथं मातीतच आहे. एक गोष्ट आजींना कळवायची राहिली: कवचाला खाज येते. त्या गरम पाण्यानंतर माझ्या पाठीला सुटली, आणि बाहेरून नाही, आतून. काल पाठ उभी फाटली. भाल्यांना न जुमानणारं ते सतराचं कवच एका पांढऱ्या कोंबानं फोडलं, आणि तो कोंब माझाच!

आता एवढंच करा. मिथुनला सांगा, तुझा बुचाचा योद्धा बरोबर माझ्या डोक्यावर आडवा झालाय. त्याला जरा बाजूला घे रे बाबा, मला वर यायचंय.