एक्केचाळिसावा अर्ज

एक सही राहिली होती, आणि तेवढ्यावरून मोठ्या बाईंच्या जिवाला थारा नव्हता. बुधवारी सकाळपासून त्या तीनदा खुर्चीवरून उठल्या, तीनदा कपाट उघडलं आणि काहीच न काढता बंद केलं. समोरचा चहा निवून त्याच्यावर साय धरली. विद्यापीठाच्या नोंदणी विभागात एकतीस वर्षं काढलेली ही बाई. त्यांच्या टेबलावरून पुढे गेलेल्या कागदावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. बोट ठेवण्याचं काम त्या स्वतःच करत. तीन नंबरच्या खिडकीत बसून त्यांनी हजारो अर्ज परत पाठवले असतील. इथे सही नाही, तिथे शिक्का नाही, ही झेरॉक्स आहे, मूळ प्रत आणा, उद्या या. मुलं त्यांना पाठीमागे ‘उद्याबाई’ म्हणत. हे नाव शिपायापासून कुलसचिवांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बाईंना सोडून.

तर ही सही कसली, ते आधी सांगायला हवं. शुक्रवारी तपासणी समिती येणार होती. गेल्या वर्षी पहिल्या वर्गाला एक हजार पन्नास मुलं दाखल झाली, त्यातली किती टिकली, हा समितीचा पहिला प्रश्न असतो. शंभरातली ऐंशी टिकली नाहीत तर नवे अभ्यासक्रम बंद, आणि ज्याच्या काळात बंद झाले त्या कुलसचिवाचं तोंड काळं. टिकली होती सातशे नव्याण्णव. दोनशे दहा मुलं रीतसर दाखला घेऊन दुसरीकडे गेली, त्यांचं कुणी काही करू शकत नव्हतं. उरली एक्केचाळीस. त्यांनी दाखलाही नेला नव्हता आणि दुसऱ्या वर्षाची फीही भरली नव्हती. ती नुसतीच यायची थांबली होती.

कुलसचिव आकडेमोडीत हुशार. एक्केचाळीस मिळवले की बरोबर ऐंशी टक्के होतात, हे त्यांनी बाईंच्या आधी ओळखलं.

“मोठ्या बाई, दीर्घ रजेचा अर्ज असतो ना आपल्याकडे? रजेवरचा विद्यार्थी नियमाने आपलाच. एकेकाला गाठून सही घ्या. तारीख तेवढी गेल्या वर्षीची टाकायची.”

“मागची तारीख, साहेब?”

“अहो, त्यात कुणाचं नुकसान आहे का?”

नुकसान कुणाचंच नव्हतं, म्हणून बाईंनी मान डोलावली. पहिल्या अर्जावर मागची तारीख टाकताना त्यांनी दोनदा पेन खाली ठेवलं. दहाव्याला एकदाही नाही, आणि विसाव्याला तर त्यांनी पेन न उचलता तारीख टाकली. माणसाला सवय लागायला फार दिवस लागत नाहीत, आणि वाईट सवय तर पाहुण्यासारखी न बोलावता येऊन बसते. पंधरा दिवसांत चाळीस सह्या झाल्या. एकाने स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली, एकीने कडेवरचं मूल न उतरवता. कशावर सही करतोय, हे कुणी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. का सोडलंत, असंही त्यांनी कुणाला विचारलं नाही. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ हा शब्द आधीच छापून घेतला होता.

एक्केचाळिसावी मुलगी मात्र हाताला लागत नव्हती. पहिल्या फोनला ती म्हणाली, “मी रजेवर नाहीये, मॅडम. मी कामावर आहे,” आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा उचललाच नाही.

गुरुवारी सकाळी बाई पोळीचा एकच घास चावत बसल्या होत्या. त्यांचे यजमान टपाल खात्यातून निवृत्त झालेले, उभा जन्म घरोघरी पत्रं वाटण्यात गेलेला. ते म्हणाले, “अगं, दाढ दुखतेय की काय?”

“एक सही मिळत नाहीये हो.”

“मग राहू दे. मीही चाळीस वर्षं हेच केलं. घेणारा दार उघडत नसेल तर पत्र परत.”

“तुमचं बरं होतं. तुमच्या पत्रांवर तारीख टपालाचा शिक्का घालायचा.”

“आणि तुझ्या कागदावर कोण घालतं?”

यजमान थट्टेतच बोलले होते, पण चोराच्या मनात चांदणं. बाईंनी ताट सरकवलं आणि पर्स उचलली. काल शिपायाकडून मुलीचा पत्ता काढला होता. दोन बस बदलून त्या दुपारी एका लाँड्रीसमोर उतरल्या.

आत वाफेचा नुसता गदारोळ. एका भिंतीला हॉटेलांच्या चादरींचे ढीग, दुसरीकडे टांगलेले सदरे, प्रत्येकाच्या कॉलरला कापडी नंबर टाचलेला. मधल्या मोठ्या प्रेसवर एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी चादर पसरत होती. पायाने पेडल दाबायचं, वरचं झाकण खाली, वाफ फुस्स, झाकण वर, घडी, पुढची चादर. बाईंना पाहून तिचा हात थांबला नाही, पण तिने ओळखलं हे बाईंना कळलं.

बाई ताकाला जाऊन भांडं लपवू लागल्या. इकडे कुणाकडे आले होते, वाटेत तुझी आठवण झाली, वगैरे. मुलीने दोन चादरी होईपर्यंत ऐकून घेतलं.

“कागद आणलाय ना? दाखवा.”

बाईंनी अर्ज पुढे केला. मुलीने हात एप्रनला पुसले आणि प्रत्येक ओळ वाचली. चाळिसांतल्या एकानेही वाचला नव्हता.

“तारीख गेल्या जूनची आहे.”

“ती तशीच टाकायची असते. नुसती पद्धत आहे.”

“विभागप्रमुखांची सही नाही यावर.”

“नाही लागत गं.”

“गोल शिक्का?”

“तोही नको.”

मुलगी हसली.

“मॅडम, तुम्ही मला ओळखलं नाहीत ना?”

बाईंनी नीट पाहिलं. खिडकीतून पाहिलेले सगळे चेहरे लक्षात ठेवायचे असते तर त्यांना दुसरा जन्म घ्यावा लागला असता. त्यांनी मान हलवली.

“एका प्रॅक्टिकलला मी तापाने पडले होते. नंतर परीक्षा दिली, पास झाले. पण निकाल राखून ठेवलेला. तो सोडवायला डॉक्टरचा दाखला जोडून अर्ज द्यायचा, तीन नंबरच्या खिडकीत. पहिल्यांदा आले, तर प्रमुखांची सही नाही म्हणालात. दुसऱ्यांदा सही आणली, तर गोल शिक्का नव्हता. तिसऱ्यांदा शिक्का होता, पण दाखल्याची झेरॉक्स होती. दर वेळी इथून दोन बस आणि एक दिवसाची सुट्टी. चौथ्यांदा सगळं होतं, मॅडम. सगळं. पण सव्वातीन वाजले होते आणि खिडकी तीनला बंद होते. तुम्ही काचेपलीकडे बसला होतात, डबा आवरत. मी कागद काचेखालून आत सरकवले. तुम्ही म्हणालात, उद्या या.”

“मग आली का नाहीस?”

“इथले काका म्हणाले, पाचवी सुट्टी घेतलीस तर येऊच नकोस. निकाल नाही म्हणून दुसऱ्या वर्षाची फी कुणी घेईना. तुम्ही एक फोन कराल म्हणून महिनाभर वाट पाहिली.” तिने अर्ज परत दिला. “तेव्हा माझ्याकडे सगळं खरं होतं, ते चाललं नाही. आज तुमच्या हातात सगळं खोटं आहे आणि तुम्ही बस बदलून स्वतः आलात. मुलं तुम्हाला उद्याबाई म्हणतात, ते उगीच नाही.”

आतून लाँड्रीवाले काका ओरडले, “चादरी थांबल्या का गं?” मुलीने पेडल दाबलं. वाफ उठली आणि बाई बाहेर पडल्या.

बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली तरी त्या उभ्याच राहिल्या. रागाने कानशिलं तापली होती. काल शाळेतून आलेली पोर मला नाव ठेवते! मी काय नियम घरून करून आणले? एकतीस वर्षांत एक चुकीचा कागद पुढे जाऊ दिला नाही मी. उपयोग काय त्याचा, असं लगेच मनात आलं आणि राग होता तिथेच जिरला. उरली ती निव्वळ भीती. तो कागद गेला कुठे? सगळं पूर्ण असलेला कागद?

विभागात शिरताच त्यांनी मागच्या कपाटातला ‘अपूर्ण’ असं लिहिलेला गठ्ठा ओढून काढला. धुळीने शिंकत, डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी जमिनीवर बसून गाठ सोडली. तळापासून तिसरा अर्ज तिचा होता. प्रमुखांची सही होती. गोल शिक्का होता. दाखला मूळ होता. एका कोपऱ्यात पेन्सिलीने बाईंच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘वेळेनंतर आला.’

दहा महिने तो तिथे पडून होता. मोठ्या बाईंना रडू आलं, आणि शिपाई बघतोय याचीही लाज वाटली नाही.

नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. अर्ज पूर्ण असून कार्यालयाकडून उशीर झाला, तर विद्यार्थ्याची जागा जात नाही. म्हणजे मुलगी सोडून गेलीच नव्हती, तिला कागदाने बाहेर ठेवलं होतं. बाईंनी कोरा कागद घेतला. निकाल आजच सोडावा, उशीर तीन नंबरच्या खिडकीकडून झाला, असं लिहून खाली पूर्ण सही केली आणि आजची तारीख टाकली.

कुलसचिवांनी टिपण दोनदा वाचलं.

“तुम्हाला निवृत्तीला आठ महिने राहिलेत, मोठ्या बाई. हे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं झालं.”

“पाडला तो आधीच, साहेब. आता नुसतं सांगतेय.”

“बरं, असं करू.” साहेबांनी आवाज उतरवला. “मुलीचा निकाल मी आत्ता सोडतो. ती मोजणीत आली म्हणजे चाळीस आणि एक, ऐंशी टक्के झालेच की! टिपणाची गरजच नाही. फाडून टाका. पोरीचं काम झालं, आपलंही झालं.”

खरं सांगायचं तर बाई क्षणभर थांबल्या. सुंठीवाचून खोकला जात होता. मुलीला तिचं वर्ष मिळणार, त्यांना हारतुरे घालून निरोप मिळणार, आणि एकतीस वर्षांच्या पाटीवर ओरखडासुद्धा नाही. त्यांनी टेबलावरचा चाळीस अर्जांचा गठ्ठा पाहिला. प्रत्येकावर तोच छापील शब्द : वैयक्तिक.

“निकाल सोडा, साहेब. टिपण राहील.” त्यांनी गठ्ठा उचलून छातीशी धरला. “आणि हे अर्ज समितीपुढे जायचे नाहीत.”

“शहात्तर टक्के दिसतील!”

“आहेतच शहात्तर.”

“बाई, एका मुलीचं चुकलं तुमच्याकडून. एका! त्यासाठी अख्ख्या विद्यापीठाला—”

“एकच की आणखी, ते मला माहीत नाही, साहेब. बाकीच्या चाळिसांना मी सही मागितली. का गेलात, हे विचारलंच नाही.”

साहेबांनी निकालाच्या कागदावर सही केली आणि तो टेबलावरून ढकलला. टिपणावर त्यांनी सही केली नाही, पण ते फाडलंही नाही.

निकाल सुटल्याचं बाईंनी लाँड्रीत फोन करून कळवलं. पलीकडे वाफेचा आवाज येत राहिला. मग मुलगी म्हणाली, “काकांना विचारते,” आणि थोड्या वेळाने, कोरडेपणानेच, “सोमवारी फी भरायला येते. खिडकी तीनपर्यंतच ना?”

“तू ये. मी असेन.”

तिने आभार मानले नाहीत. ते बाईंना बरंच वाटलं.

मग त्यांनी ‘अपूर्ण’चा गठ्ठा टेबलावर घेतला आणि शेजारी चाळीस नावांची यादी ठेवली. एकेक अर्ज काढून नाव जुळवू लागल्या. पहिली पाच पानं भलत्यांचीच. त्यांचा जीव जरा भांड्यात पडला. सहाव्या पानावरचं नाव यादीत होतं. एक फोटो कमी होता, एवढंच. अकराव्या पानावरचंही होतं. पुढचं पान उलटायचा त्यांना धीर होईना, तरी त्यांनी उलटलं. तेही होतं.

त्यांनी फोन ओढला आणि सहाव्या पानावरचा नंबर फिरवला. हाच मुलगा, स्कूटरच्या सीटवर सही करणारा. पलीकडे गाड्यांचा गोंगाट होता.

“मॅडम? झाली ना सही? अजून कुठे करायची राहिली का?”

“नाही रे बाळा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुझं काम माझ्याकडून राहिलंय.”