जेवतानाच येणारी सूज

शालूच्या जबड्याखाली सूज यायची ती फक्त जेवताना. घास तोंडात गेला की उजवीकडे लिंबाएवढी गाठ उभी राहायची, कळ थेट कानात जायची, आणि खरकटी भांडी घासून होईपर्यंत सगळं ओसरलेलं असायचं. विट्याजवळच्या त्या घरात पुरुषांचं उरकलं की सासू जेवायची आणि सुनेनं सगळ्यांच्या मागून, चुलीकडे तोंड करून जेवायचं. मग ती सूज बघणार कोण? चूल?

तिनं सासूला हाक मारून बघितली. राहीबाई हातातलं काम आटोपून सावकाश यायच्या, तोवर गाल सपाट. नवरा अर्जुना फौजेत, तिकडे पठाणकोटला. पोरीला काम नको, नाटकं हवीत, असं राहीबाईंनी ठरवून टाकलं. धड जेवता येईना म्हणून शालू वाळत चालली, तर तेही नाटकातच जमा झालं. शेवटी चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सासरे हंबीरराव म्हणाले, सांगलीच्या डॉक्टरला दाखवू. त्यानं काही नाही म्हटलं, तर तशीच पुढं माहेरी सोडून येऊ.

डॉक्टरनं जबडा चाचपला, दात बघितले आणि सगळं ठीक आहे म्हणून हात धुवायला वळला. हंबीररावांनी पटका सारखा केला आणि ते उठले.

शालू उठली नाही. येष्टीत खायला बांधून आणलेल्या भाकरीचं फडकं तिनं तिथंच सोडलं आणि लोणच्याची फोड लावून घास तोंडात घातला. सासऱ्यादेखत सुनेनं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी त्या घराची रीत. हंबीरराव भलतेच उखडले, इथं चारचौघांत लाज काढतेस का म्हणाले. ती चावत राहिली.

"जरा दम धरा, मामंजी," ती म्हणाली. "आदी बगा. मग कुटं सोडायचं तितं सोडा."

दोघांच्या देखत गाठ चढली. डॉक्टर ओल्या हातांनीच परत आला. घास गिळायला लावून त्यानं जिभेखाली बोट फिरवलं, तर तिथं गव्हाएवढा खडा लागला. मग त्यानं हंबीररावांना समजावलं. खाताना घास भिजवायला लाळ सुटते, आंबट असलं की जास्तच. तिची वाट या खड्यानं अडवली आहे, म्हणून ती मागं तुंबते आणि गाठ फुगते. जागा बधिर करून लहानशी चीर दिली की खडा निघेल, आजच काढू. इतके दिवस घरात कुणाला दिसलं कसं नाही, असंही त्यानं विचारलं.

हंबीरराव पुन्हा बाकावर बसले. त्यांनी सुनेच्या सुजलेल्या जबड्याकडे बघितलं.

"लय दुकतं व्हय गं?"

वर्षभरात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "लय," शालू म्हणाली, आणि मांडीवरच्या भाकरीवर ओणवी होऊन हमसाहमशी रडायला लागली.