आठव्या दिवसाची बढाई

"पोट म्हणजे काय पिशवीची चेन आहे, ओढली की उघडली?" आई म्हणाली आणि तिनं दातांनी दोरा तोडला.

"गुरुवारची तारीख घेतलीय, आई. कळांची वाट बघत बसले तर शाळेचे गणवेश कोण शिवणार? आठव्या दिवशी मी मशीनवर हजर. तूच बसली होतीस ना?"

"बाळाचं डोकं खाली आहे, तुझी तब्येत धडधाकट आहे. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? सिझेरियनची गरज नाही, थांब म्हणाल्या."

"तुला बरं. झोपेत मोकळी झालीस, आणि मला कळा सोसायला सांगतेस."

हे सगळं मी कापडाआडून ऐकत होते. मी या आईच्या पोटावरची शिवण. बेंबीच्या बरीच खाली, आडवी, सव्वीस वर्षांची. भांडण माझ्यावरून आणि मलाच कोणी विचारेना, म्हणून आता मीच बोलते.

माझा जन्म घाईत झाला. हीच लेक पोटात आडवी होती, तिचे ठोके मंदावले होते. त्या दिवशी पोट कापलं म्हणून दोघी वाचल्या. तेव्हा मला कोणी नावं ठेवायची नाहीत. अडल्या वेळी मी कामाला आले, हे मी मान वर करूनच सांगणार.

पण पुढचंही ऐका. शिंक आली तरी आई उशी पोटाशी दाबून धरायची. हसवणाऱ्याला शिव्या घालायची. तोरा मात्र असा, की कामं खोळंबली म्हणून आठव्या दिवशी पायमशीनवर बसली आणि गल्लीभर सांगत सुटली. लेकीला घास भरवतानाही हीच गोष्ट. नवव्या दिवशी मी एका टोकाला उसवले, पू झाला, ताप चढला. महिनाभर शेजारीण बाळ उचलून द्यायची, तेव्हा कुठं ही पाजायची. एवढं गोष्टीतून गळलं.

चार वर्षांनी पुन्हा दिवस गेले. बाळाला पोसणारी वार नेमकी गर्भपिशवीवरच्या माझ्या आतल्या टाक्यांवरच रुजली, खोलवर. सुटेना. रक्त थांबेना. गर्भपिशवी काढली तेव्हा आई वाचली. मुलगा नाही वाचला. सगळ्याच बायकांचं असं होत नाही, पुष्कळ जणी सुखरूप सुटतात. पण होऊ शकतं, हे आधी ठाऊक हवं. लेकीला मात्र सांगितलं गेलं, "नशिबात एकच होतं."

आता माझं बरं चाललंय. तो गुरुवार आला तसा गेला. त्यानंतर अकरा दिवसांनी कळा सुरू झाल्या. लेकीनं आरडाओरडा केला, आईचा उद्धार केला आणि संध्याकाळी मोकळी झाली. गणवेश उशिरा गेले. शाळा काही बुडाली नाही. नात आजीच्या मांडीवर लोळते, तिची टाच माझ्यावर आपटते, आणि मला हायसं वाटतं. माझं मागणं एकच आहे: आमच्या गोष्टी सांगाल तर पुरत्या सांगा.

ते भांडण मिटलं कसं, ते राहिलंच. आईनं सुई टाचण्यांच्या गादीला टोचली, अंगातला सदरा वर केला आणि लेकीचा हात धरून माझ्यावर ठेवला. इतक्या वर्षांत तिनं मला कोणाला दाखवलं नव्हतं. म्हणाली, "आठव्या दिवशी मी मशीनवर बसले हे खरं आहे, बाळा, पण नववा दिवस मी तुला कधी सांगितलाच नाही."