हिसाएकाकूंचा तवा

नव्या जागेत आल्यापासून तीन आठवड्यांत हिसाएकाकूंच्या हातून एकही ओकोनोमियाकी धड उतरलं नव्हतं. ही गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

खाणावळीची जुनी इमारत पाडायची ठरली, म्हणून काकूंनी दोन गल्ल्या सोडून, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या बंद पडलेल्या दुकानात बिऱ्हाड हलवलं होतं. बिऱ्हाड म्हणजे तरी काय, सहा खुर्च्या, एक टीव्ही, कोबी चिरायचा पाट आणि तवा. बाकी काही नसतं तरी चाललं असतं, तवा मात्र हवाच होता. काकूंच्या आईने तो गोदीतून आणवला होता. बोटापेक्षा जाड लोखंडी पत्रा, उंच माणूस आडवा पडेल एवढा लांब. अलीकडे काकू उभ्या राहून करणार, पलीकडे गिऱ्हाइकं ओळीने बसून तव्यावरूनच छोट्या उलथन्याने तोडून खाणार. पन्नास वर्षं हेच चाललं होतं.

हिरोशिमात ओकोनोमियाकी, म्हणजे कोबीचं हे जाड धिरडं, करायला फार अक्कल लागत नाही, असं ज्यांनी तो कधी केला नाही ते म्हणतात. पिठाचा कागदासारखा पातळ थर ओतायचा, त्यावर कोबीचा हा एवढा डोंगर, त्यावर डुकराच्या मांसाचे काप, मग सगळं एका दमात उलटायचं. शेजारी नूडल्स परतायच्या, त्यांच्यावर हा डोंगर बसवायचा, शेवटी अंडं फोडून सगळं त्यावर पालथं घालायचं. ते झालं की गिऱ्हाइकाच्या बाजूला सरकवायचं, म्हणजे सावकाश खाईपर्यंत गरम राहतं. काकूंच्या हातांना हे इतकं पाठ होतं की डोळे टीव्हीवरच्या बेसबॉलवर असायचे.

आणि आता? पिठाचा थर पांढराफटक राहायचा, उलटताना फाटायचा. कोबी आतून कच्चा. जरा जास्त वेळ ठेवावं तर नूडल्स चिकटायच्या. कसंबसं जमवून गिऱ्हाइकापुढे सरकवलं की त्याचे चार घास होईपर्यंत तळ काळाठिक्कर पडायचा. पहिल्या आठवड्यात काकूंनी दोष नव्या शेगडीवर ढकलला. दुसऱ्या आठवड्यात शेगडीवाल्याला बोलावलं. त्याने सगळ्या ज्योती एकसारख्या असल्याचं दाखवलं आणि वर एक खाऊन, छान झालंय म्हणून गेला. तिसऱ्या आठवड्यात ढकलायला कोणी उरलं नाही.

त्यात बारीकसारीक गोष्टींची भर पडत होती. एका सकाळी अंडी मागवायला विसरल्या. एप्रन डाव्या बाजूला तीनदा फाटला, कशात अडकतोय तेही कळेना. एरवी असल्या गोष्टी काकूंनी शिंक आल्यासारख्या सोडून दिल्या असत्या. पण आईचंही असंच सुरू झालं होतं.

आईचं दुखणं आधी तव्यावर दिसलं होतं, घरात नंतर. आधी थर फाटायला लागले. मग कोबी कच्चा राहायला लागला. मग एक दिवस आईने पीठ न ओतताच कोबी टाकला आणि पुढे काय करायचं ते आठवेना म्हणून तशीच उभी राहिली. वर्षभरात तिला स्वतःच्या मुलीचं नाव सांगावं लागायला लागलं. त्या वर्षभरात एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती. सगळे कच्चा कोबी चावत म्हणायचे, छान झालंय. हिसाए तेव्हा चाळिशीची होती आणि आईच्या मागे उभी राहून ते ऐकायची.

आता ती सदुसष्ट वर्षांची होती आणि तीन आठवडे सगळे तिला म्हणत होते, छान झालंय. त्या शब्दांचा तिला चांगलाच धसका बसला होता.

काकूंची मुलगी मिनाए वॉर्ड ऑफिसात कामाला होती. तिने रविवारी एक खाल्लं, अर्धं टाकलं, आणि भांडी घासता घासता म्हणाली, "आई, गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. नुसतं बोलायला जायचंय. मी येते सोबत."

"कसले डॉक्टर?"

"तुला माहितीय कसले."

मंगळवारी दुपारची गर्दी ओसरली तसा काकूंनी एक पांढरा कागद घेतला आणि ब्रशने त्यावर लिहिलं, 'काही कारणाने दुकान बंद राहील.' किती दिवस, ते लिहायची जागा कोरी ठेवली. डॉक्टरांनी सांगून दुकान बंद करण्यापेक्षा आपण होऊन केलेलं बरं, असं त्यांचं मत. आईच्या वेळी दुकानातून तिला हाताला धरून बाहेर आणावं लागलं होतं, ते त्यांना स्वतःच्या वाट्याला नको होतं.

कागद वाळत होता तेवढ्यात दारातून कादोवाकी आत आला. वय अठ्ठ्याहत्तर, गोदीतला निवृत्त वेल्डर, गुडघे दुखरे, जीभ धडधाकट. आईच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. दोन वाजता यायचं आणि दाराकडच्या शेवटच्या खुर्चीवर बसायचं, हा त्याचा नेम. तवा हलवायच्या दिवशीही सहा माणसं गोळा करणारा हाच. स्वतः बोटही न लावता "डावीकडे, अरे तुझं डावं नव्हे," असं ओरडून त्याने सगळ्यांना घामाघूम केलं होतं.

"नेहमीचं," तो म्हणाला. "हा कसला कागद?"

"आधी खाऊन घ्या, दादा. मग सांगते."

काकूंनी केलं. थर फाटला. तो कोबीखाली लपवून त्यांनी ते त्याच्यापुढे सरकवलं. कादोवाकीने मुकाट्याने खाल्लं. तळाशी करपायला लागलं तसा तो भराभर खायला लागला, कोणीतरी मागे लागल्यासारखा.

"छान झालंय," तो म्हणाला.

"खोटं बोलू नका."

"बरं, नाही बोलत. कागद कसला ते सांग."

काकूंनी कागद त्याच्याकडे फिरवला. मग सगळंच बोलून टाकलं. फाटलेले थर, विसरलेली अंडी, गुरुवारचे डॉक्टर. आईच्या आजाराबद्दल सांगायची गरज नव्हती, त्या काळी कच्चा कोबी खाऊन छान म्हणणाऱ्यांत हाच सगळ्यात पुढे होता. मग त्या पाठ फिरवून कोबीच्या पाटाशी उगाच काहीतरी पुसत राहिल्या.

अशा वेळी कादोवाकी जे करायचा तेच त्याने केलं. हातातलं उलथनं तव्याच्या कडेला टेकवायला गेला. ते घसरून खाली पडलं.

"हे एक बघ," तो चिडून म्हणाला. "तीन आठवडे हेच चाललंय. माझी खाच कुणी बुजवली?"

"कसली खाच?"

"अगं, माझ्या जागेवरची. पत्रा कापताना कडेला बोटाएवढी खाच पडली होती. तुझ्या आईने ती मुद्दाम आमच्या बाजूला ठेवली, तिच्या एप्रनला लागते म्हणून. मी चाळीस वर्षं त्यात उलथनं अडकवतोय. घासूनपुसून गुळगुळीत करताना तुम्ही ती पण घालवलीत."

"लोखंडातली खाच घासून जाते होय?"

"मग गेली कुठे?"

काकूंच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी खाली पाहिलं. एप्रनच्या डाव्या बाजूला तीन ठिगळं होती, एकाखाली एक. त्या हळूहळू तव्याच्या डाव्या टोकाशी गेल्या आणि फडक्याने बोट गुंडाळून कडेवरून फिरवायला लागल्या. पोटाच्या उंचीवर फडकं अडकलं.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुमची खाच इकडे आहे."

"तिकडे कशी येईल? तिकडे तर तू असतेस."

मग कादोवाकी लोखंडात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नजरेने तव्याकडे पाहू लागला. त्याने वाकून आपल्या बाजूच्या कडेची जाडी बोटांनी मापली, चटका बसला, बोटं तोंडात घातली, आणि तशीच बोटं तोंडात ठेवून म्हणाला, "पातळ आहे."

"काय पातळ?"

"माझी बाजू. ही तुझी बाजू आहे, हिसाए. आधी तुझ्या आईने, मग तू, पन्नास वर्षं खरवडून खरवडून हिला झिजवलंय. म्हणून ही झटकन तापते. आमची बाजू जाडच्या जाड, ती नुसती कोमट राहते. तू तीन आठवडे गिऱ्हाइकाच्या बाजूला स्वयंपाक करतेस आणि आम्ही चुलीवर बसून जेवतोय. तवा उलटा बसलाय."

"तुम्ही बसवलात," काकू म्हणाल्या. आवाज फार हळू होता.

"मी खडूने खूण केली होती. 'गिऱ्हाईक' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. सकाळी येऊन बघतो तर अक्षर नाही. म्हटलं पोरांच्या हाताने पुसलं असेल. मग अंदाजाने बसवला."

"अंदाजाने? एवढं ओरडत होतात ते अंदाजाने?"

"सहा माणसांपुढे मला माहीत नाही म्हणू? पण पुसलं कुणी?"

काकूंना आठवलं. तवा हलवायच्या आदल्या संध्याकाळी दोन तास, विटेच्या तुकड्याने, गुडघ्यांवर बसून. दुसऱ्यांच्या हातून जाणारी वस्तू मळकट कशी द्यायची, म्हणून तवा आरशासारखा केला होता. मध्ये एका बाजूला पांढरं काहीतरी लागलं होतं, ते जायला जरा वेळ लागला होता.

"मी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, घाण आहे."

"माझं अक्षर?"

काकूंना हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. दोन्ही एकदम आल्याने त्यांना कडेला धरावंसं वाटलं, पण कड तापलेली होती, म्हणून त्या एप्रनला धरून उभ्या राहिल्या. पण तेवढ्याने त्यांचं समाधान होणार नव्हतं. खाच सापडली, पण हात?

"उठा, दादा. इकडे या."

"मी? आत?"

"शेगडीच्या खुंट्या इकडे आहेत. मी सांगेन तशी आच करायची."

असं म्हणून काकू पीठ, कोबी आणि मांसाचं ताट घेऊन बाहेरच्या बाजूला गेल्या, खुर्च्या सरकवल्या, आणि सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकांच्या जागी उभ्या राहून पीठ ओतलं. आत कादोवाकी अंड्यांच्या क्रेटवर बसून खुंट्यांशी झटत होता.

"कमी करा. अहो, कमी. ती नव्हे, उजवी."

"तुझी उजवी की माझी?"

"हा प्रश्न तवा बसवताना विचारायचा होता."

पिठाला कडेने जाळी पडली. काकूंनी वाकून पाहिलं. कोबीचा डोंगर रचला, काप मांडले. दोन मोठी उलथनी खाली सारली. इथेच रोज फाटायचं. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. तो बंद होता, तरी पाहिलं, आणि मनगटं वळवली. सगळं एका दमात उलटलं आणि एक पानही बाहेर न सांडता बसलं. नूडल्स खुसखुशीत झाल्या. अंडं पसरलं. सॉस पडल्यावर दुकानात तो वास सुटला, जो तीन आठवडे सुटला नव्हता, आणि रस्त्यावरून सायकलने जाणाऱ्या एका बाईने मान वळवून आत पाहिलं.

काकूंनी ते पलीकडे सरकवलं. कादोवाकीने आधी उलथनं खाचेत अडकवून पाहिलं. ते नीट बसलं. तेव्हा कुठे तो खायला लागला. अर्ध्या तासात दुसऱ्यांदा जेवत होता, पण या वेळी घाई नव्हती. काकू बाहेर उभ्या राहून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. हा आता काय म्हणतो, यावर सगळं होतं. 'छान झालंय' म्हणाला असता तर त्यांनी तो कागद खरंच दाराला लावला असता.

कादोवाकीने सावकाश चावलं, गिळलं, आणि कपाळाला आठी घातली.

"मिरपूड कमी पडलीय," तो म्हणाला. "आणि कोबी जाड चिरलास. तुझी आई असला कोबी बदकांना घालायची."

हिसाएकाकूंचा जीव भांड्यात पडला. त्या तिथेच, त्याच्याच खुर्चीवर, मटकन बसल्या आणि एप्रनने तोंड पुसत राहिल्या.

"आणखी काय?" त्यांनी विचारलं. "बोला ना, दादा. आणखी काय चुकलंय?"