काळीची हकालपट्टी

जावईबापूंनी सासऱ्याच्या कारखान्यात पाऊल ठेवलं ते नाक मुरडतच. आयत्या खुर्चीवर बसायला आलेल्या माणसाने निदान नाक तरी घरी ठेवून यावं. इथे सगळा कारभारच वासाचा. गव्हाचं काड आणि कोंडा वाफवायचा, ट्रेमध्ये पसरायचा, त्यावर बुरशी पेरायची. पाच दिवसांत ती जे एन्झाइम सोडते ते धुऊन काढून कापडगिरणीला द्यायचं. त्याने नव्या कापडावरची लव उतरते.

बुरशीच्या खोलीची किल्ली वीस वर्षं मावशीच्या कमरेला होती. मावशी म्हणजे मालकांची मेहुणी. एकटा जीव, ती खोली हाच तिचा संसार. प्रत्येक ट्रेत ती दोन बुरश्या पेरायची, एक हिरवी, एक काळी.

"ही काळी कशाला?" जावईबापूंनी विचारलं.

"हिरवीच्या मागे लागायला."

"ही भेसळ झाली, मावशी. शुद्ध वाण हवं. एका ट्रेत एकच. पुस्तकात स्पष्ट दिलंय."

"मग पुस्तकच पेरा ना ट्रेत. बघू काय उगवतं ते."

जावईबापूंना विनोद पचत नसत. त्यांनी सासऱ्यांसमोर फर्मान काढलं: महिनाअखेरीचा गिरणीचा नमुना जावईबापूंच्या पद्धतीने जाणार, तो पास झाला की किल्ली त्यांच्याकडे आणि मावशींनी घरी आराम करायचा. मालकांनी आधी मेहुणीकडे पाहिलं, मग लेकीचा चेहरा आठवला आणि मान डोलावली.

ट्रे उकळत्या पाण्याने घासले गेले. "ती घाण बाहेर टाका," जावईबापू म्हणाले. मावशीने काळीच्या बाटल्या पिशवीत घातल्या आणि घरी नेल्या.

तिसऱ्या दिवशी ट्रे हिरवेगार झाले. जावईबापूंनी फोटो काढले, एकात स्वतःही उभे राहिले. पाचव्या दिवशी अर्क काढून कापडाचा तुकडा बुडवला. लव जशीच्या तशी! मग त्यांनी उष्णता वाढवली, कोंडा बदलला, पाणी मारणाऱ्या कामगाराला झापलं. दुसरा घाणाही तसाच. करण्यासारखं एकच उरलं होतं, तेवढं सोडून सगळं केलं.

नमुन्याला सहा दिवस उरले, तेव्हा स्वारी मावशीच्या दारात उभी राहिली.

"मावशी, ती... काळी आहे का हो अजून?"

"घाण कोण घरात ठेवतं, बापू?"

जावईबापूंचा चेहरा वाफवलेल्या कोंड्यासारखा झाला. तो पोटभर पाहून घेतल्यावर मावशीने फडताळातून बाटली काढली.

"हिरवी काड तोडते, त्यातून गोडी सुटते. गोडी साचली की हिरवी हात आखडते. काळी ती गोडी खाऊन टाकते, म्हणून हिरवीला पुन्हा कामाला लागावं लागतं." मग अगदी प्रेमाने म्हणाली, "आयतं गोडधोड समोर असलं की कोण हो काम करतं?"

"किल्ली तुमच्याकडेच राहील," जावईबापू पुटपुटले.

"हे भावोजींसमोर बोला. मोठ्याने."

बोलले. नमुना पास झाला. गिरणीचा तपासनीस कारखाना बघायला आला, तेव्हा जावईबापू खोलीच्या दारात उभे राहून सांगत होते, "आम्ही मुद्दाम दोन वाण एकत्र वापरतो. माझा पहिल्यापासून तोच आग्रह होता." बोलता बोलता त्यांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

"बापू," मावशीने आतून किल्ली वाजवली, "तपासनीस साहेबांना येऊ द्या. तुम्ही आधी पाय धुऊन या. बाहेरची घाण इथे चालत नाही."